सिंधूबाई आणि एक इंग्रजी शिवी

साखऱ्याच्या शिवारात मेंढ्या राखणारी माणसं पुष्कळ आहेत, पण सोयाबीन निघालं आणि रिकाम्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या झाल्या की लोक आधी सिंधूबाईला निरोप धाडतात. तिचा कळप ज्या रानात चार-आठ दिवस बसतो, त्याच्या शेजारच्या तुरीत एक मेंढी तोंड घालत नाही. घातलंच तर सिंधूबाई स्वतः तुरीच्या मालकाच्या दारात जाऊन सांगते, "आज तुमची चार झाडं खाल्ली बरं का." मालकाला पत्ताही नसतो. असं आपण होऊन सांगणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

मी इथल्या शाळेत तेवीस वर्षं इंग्रजी शिकवतो. नाव विश्वंभर. कुणाचं कौतुक करणं माझ्या स्वभावात नाही. मास्तराची जात, दुसऱ्याच्या चुकांना लाल शाई लावायचा पगार घेते. तरी या बाईबद्दल लिहायला बसलोय. तिनं माझी एक चूक माझ्या पदरात घातली आणि वर मला गुळाचा चहाही पाजला.

सिंधूबाईचा नवरा नामाजी दोन हजार पाच साली रानात वीज पडून गेला. मूलबाळ नव्हतं. भाऊ प्रभू याला सोबत घेऊन बाईनं कळप सांभाळला, घोडीवर पालाण टाकून बिऱ्हाड हलवलं, पावसात पाल ठोकलं. आणि नामाजीला जाऊन चार वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली. मोहिनी. आता गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? भावकी बसली. बाप कोण ते सांग, म्हणाली. पंधरा दिवसांचं लेकरू मांडीवर घेऊन बाई म्हणाली, "पोरगी माझी हाय. मी पोसनार हाय. तुमाला काहून तकलीफ होऊन राहिली?"

भावकीनं दोन वर्षं तिच्या घरचं पाणी वर्ज्य केलं. तिसऱ्या वर्षी रानांना खत पाहिजे होतं, तेव्हा तेच पाणी गोड लागायला लागलं. सिंधूबाईनं कुणाला टोमणा मारला नाही. मेंढ्या बसवल्या, खत टाकलं आणि पुढच्या रानाला गेली. मी असतो तर निदान एकेकाला दारात तासभर उभं केलं असतं.

मोहिनीला तिनं कळपामागं फिरवलं नाही. साखऱ्यात तिची चुलती भिकाबाई राहते, तिच्यापाशी पोरीला ठेवलं आणि शाळेत घातलं. पोरगी हुशार निघाली. हुशार म्हणजे पाठांतराची नव्हे. अर्थ लागल्याशिवाय पुढं सरकत नाही अशी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. गाभण मेंढीच्या पोटावर हात ठेवून एक कोकरू आहे की दोन हे ती आत्ताच सांगते, बाकीचं कॉलेजात शिकेन म्हणते.

गेल्या ऑक्टोबरात दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरायचे होते. नावांत चूक राहू नये म्हणून मी वर्गात पूर्ण नावं मोठ्यानं वाचत होतो. "मोहिनी नामाजी गडदे" असं वाचलं, तेव्हा मागच्या बाकावरून स्वप्निल म्हणाला, "सर, नामाजी तर दोन हजार पाचलाच मेला. आमच्या बांधावर त्याच्या समाधीचा ओटा हाय, साल कोरलेलं हाय. ही तर दोन हजार नऊची." आणि मोबाइलवरच्या मालिकेत ऐकलेला शब्द त्यानं मागून फेकला, "बास्टर्ड!"

निम्मा वर्ग हसला. अर्थ कुणाला माहीत नव्हता, पण हसायला अर्थ कशाला लागतो? मोहिनी उभी राहिली आणि मला विचारलं, "सर, म्हणजे काय?"

तेवीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की शब्द अडला तर लाजू नका, विचारा. त्या दिवशी पोरीनं विचारलं आणि मी म्हणालो, "काही नाही. शिवी आहे. बस खाली." स्वप्निलला वर्गाबाहेर उभं केलं, चार शब्द सुनावले आणि पुढचं नाव वाचलं. माझी मला आजही लाज वाटते.

मधल्या सुट्टीत मोहिनी दप्तर घेऊन गेली ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी भिकाबाईकडून कळलं, पोरगी आईच्या पालावर गेली आहे, सेनगाव रस्त्याच्या एका रानात. परीक्षेला बसणार नाही म्हणते. फॉर्मची मुदत बारा दिवसांवर होती.

पाचव्या दिवशी भर दुपारी सिंधूबाई स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. अंगावर नेसूचं जाड लुगडं, पायांत टायरच्या वहाणा, त्या तिनं दाराबाहेर काढल्या. खुर्ची दिली तर बसली नाही. म्हणाली, "गुरुजी, त्या सबदाचा अर्थ सांगा."

मी घुटमळलो. म्हणालो, लग्नाबाहेर जन्मलेल्या लेकराला म्हणतात.

"येवढं पोरीनं मोबाइलवर बघितलं. त्यो आला कुठून ते सांगा. शिवी काय आभाळातून पडती व्हय?"

असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला आणि सांगायला लागलो. पुष्कळ पंडितांच्या मते शब्द जुन्या फ्रेंच भाषेतला. तिकडं ओझ्याच्या जनावरावर टाकायच्या पालाणाला 'बास्त' म्हणत. खेचरं हाकणारे लोक मुक्कामाला त्याच पालाणाचं अंथरूण करत आणि सकाळी पुढच्या गावाला निघून जात. मागं जे लेकरू राहील ते पालाणाचं. दुसरे पंडित म्हणतात, तसं नव्हे, मूळ धान्याच्या कोठारात आहे. चोरून भेटायची जागा ती. खात्री कुणालाच नाही. आणि आरंभी ही शिवीसुद्धा नव्हती. एखाद्या सरदारानं लग्नाच्या बायकोखेरीज दुसरीपासून झालेलं मूल आपलं म्हणून कबूल केलं, तर ते मूल उघड या नावानं ओळखलं जाई. साडेनऊशे वर्षांपूर्वी इंग्लंड जिंकून गादीवर बसलेल्या विल्यम राजालाही लोक हेच म्हणत. पुढं वारसाहक्काच्या कायद्यानं अशा लेकरांना वाटा नाकारला, आणि शब्दाला विष चढत गेलं. आता तिकडं कुणी गाडी आडवी घातली तरी हाच शब्द, आणि काही मुलखांत जिगरी दोस्ताच्या पाठीत थाप मारतानाही हाच.

सिंधूबाईनं सगळं नीट ऐकलं. पालाणाचं ऐकून तर ती हसलीच. "मपली माय औंढ्याच्या वाटंवर पालाणाच्या आडोशाला बाळंत झाली. मी तितलीच. दोन दिसांनी मला त्याच पालाणावर बांधून पुढं नेलं. मंग तर आमी समदेच त्यातले." हसणं ओसरल्यावर ती शब्दकोशाकडं बोट दाखवून म्हणाली, "गुरुजी, पालाण झालं, कोठार झालं, सरदार झाला, राजा झाला. ह्याच्यात माय कुठं हाय?"

मी पुन्हा त्या पानावर नजर फिरवली. जणू सापडेल. नव्हती.

"न्हाई ना? मंग त्या सबदाचं मला काय बी वाटत न्हाई. ज्यांनी केला त्यांना लखलाभ. पोरीला बी तेवढं लागलं न्हाई. तिला लागलं ते येगळं. ती म्हन्ती, सरांनी वाचलं ते खोटं आन ते पोरगं बोललं ते खरं. आता मी कुन्या तोंडानं म्हनू की पोरगं चुकलं?" मग तिनं विचारलं, "माझ्या पोरीम्होरं नामाजीचं नाव कुनी लिवलं?"

ते मी लिहिलं होतं. दहा वर्षांपूर्वी, जून महिन्यात. आमची शाळा पहिली ते दहावी. कारकून रजेवर होता, प्रवेश मी लिहून घेत होतो. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर बापाचा रकाना रिकामा होता. सिंधूबाईनं दाखला दिला आणि मेंढ्या उन्हात उभ्या आहेत म्हणून लगेच गेली. मी मनात म्हटलं, एवढंसं लेकरू, जन्मभर रिकामा रकाना कुठं कुठं दाखवत फिरेल? आणि नामाजीचं नाव भरून टाकलं. फार मोठं पुण्य केलं असं वाटलं. बाईला वाचता येत नव्हतं, आणि पोरीनं पुढं आईला विचारलं नाही. तिला वाटलं, विधवेच्या लेकराला असंच लिहायची रीत असेल.

हे सगळं त्या क्षणी सांगायची हिंमत झाली नाही. "बघून सांगतो," म्हणालो. सिंधूबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की तिला उत्तर मिळालंच असावं. "सांजच्याला रानात या," म्हणाली. "मला न्हाई, पोरीला सांगा." जाता जाता दारातून वळून म्हणाली, "आन त्या पोराला साल मोजलं म्हनून मारू नगा. त्यानं बराबर मोजलं. हसला, त्यापायी काय करायचं ते करा."

दिवस मावळायच्या सुमाराला मी रानात पोचलो. तो कळपाचा सगळ्यांत गडबडीचा वक्त. दिवसभर कोकरं दोरीच्या जाळीच्या कुंपणात ठेवलेली असतात आणि मेंढ्या चरायला जातात. संध्याकाळी मेंढ्या परत आल्या की साठ-सत्तर आया आणि सत्तर-ऐंशी कोकरं एकदमच ओरडायला लागतात. त्या कल्लोळात प्रत्येक कोकरू त्याच्या त्याच्या आईपाशी पोचवायचं असतं, नाहीतर दांडगी दुसऱ्याचं दूध पिऊन घेतात आणि दुबळी उपाशी राहतात. सिंधूबाई मेंढीचं नुसतं तोंड बघत होती आणि सांगत होती, "बांडीचं दे. कानतुटीचं दे. म्हातारीची दोनी दे." मोहिनी कुंपणाच्या आतून दोन्ही हातांनी कोकरं उचलून देत होती. एकही चुकत नव्हतं. मेंढा कोणता हे कुणी विचारत नव्हतं. तो बिचारा एका बाजूला कडब्याला तोंड लावून उभा होता.

मोहिनीनं मला पाहिलं आणि पुढचं कोकरू उचललं. हात रिकामे कसे ठेवायचे म्हणून मीही एक कोकरू उचललं. समोर एक मेंढी केविलवाणी ओरडत होती, तिच्या कपाळावर काळा ठिपका, कोकराच्याही कपाळावर काळा ठिपका. नेऊन तिच्या कासेला लावलं. तिनं एकदा हुंगलं आणि अशी ढुशी दिली की कोकरू एकीकडं आणि मी एकीकडं. प्रभू खो खो हसला. सिंधूबाई म्हणाली, "दिसन्यावरून लावलं व्हय? मेंढी वासावर चालती, गुरुजी."

जरा शांत झाल्यावर माझं लक्ष कडेच्या एका मेंढीकडं गेलं. तिच्या कासेला एक चमत्कारिक कोकरू लुचत होतं. पांढऱ्या कोकराच्या पाठीवर काळ्या कोकराचं कातडं, चार पायांतून ओवून अंगरख्यासारखं बसवलेलं. सिंधूबाईनं सांगितलं, या मेंढीचं काळं कोकरू परवा मेलं. या पांढऱ्याची आई त्याच्या आदल्या दिवशी मेली. मेलेल्याचं कातडं याला घातलं की मेंढीला आपल्या लेकराचा वास येतो आणि ती पाजते.

मास्तराचं डोकं कसं बघा. मला वाटलं, सुटलो. मी सरळ बोलून गेलो, "सिंधूबाई, मग मी तरी दुसरं काय केलं? नामाजीचं नाव मीच लिहिलं. पोरीला कुणी ढुशी देऊ नये म्हणून लिहिलं. तुम्ही कोकराला करता तेच मी मोहिनीला केलं."

सिंधूबाई ताडकन उठली नाही की ओरडली नाही. चुलीवरचा चहा खाली उतरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या कोकराला माय न्हाई म्हनून कातडं घातलं, गुरुजी. माझ्या पोरीला माय नव्हती काय? तिला दूध कमी पडलं हुतं?"

मग गुळाच्या चहाचा कप तिनं माझ्या हातात दिला.

"आन चार दिसांनी मी ते काढून टाकते," ती म्हणाली. "जास्ती ठिवलं तर सडतं. किडे पडतेत. जित्या कोकराच्या अंगाला लागतेत. तुमी माझ्या पोरीवर मेल्या मानसाचं कातडं दहा वर्सं ठिवलं. वास तर येनारच हुता कवातरी. त्या पोराला आला."

मी मोहिनीकडं पाहिलं. ती एक कोकरू कुशीत घेऊन ऐकत उभी होती. मी तिला म्हणालो, "मोहिनी, चूक माझी आहे. तुझ्या आईनं मला कधीच खोटं सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी तू अर्थ विचारलास तेव्हाही मी पळालो."

तिनं कोकरू खाली ठेवलं. "सर, ते काढता येतं का?"

"येतं. फॉर्म जायच्या आधी शाळेच्या रजिस्टरात दुरुस्ती करता येते. पण हिंगोलीला शिक्षण खात्याच्या साहेबांपुढं जावं लागेल. लोक विचारतील ते ऐकावं लागेल."

"मंग काढा. त्या नावानं मी न्हाई बसनार. मपल्या नावानं बसते."

सिंधूबाई एवढंच म्हणाली, "त्या दिशी मेंढ्या प्रभू बघंल."

आमचे मुख्याध्यापक म्हणाले, कशाला उकरून काढता, दहा वर्षं कुणाची हरकत नव्हती, आणखी पाच महिने गेले की पोरगी शाळेतून जाईल. मी म्हणालो, उकरणारा मी नव्हे, पुरणारा मी होतो. चूक माझी असं सहीनिशी लिहून दिलं. माझ्या नोकरीच्या कागदात त्याची नोंद झाली, आणि तेवीस वर्षांतली तीच एक नोंद मला बिनशरमपणे दाखवावीशी वाटते.

दोन दिवसांनी सेनगावहून एसटीनं आम्ही तिघं हिंगोलीला गेलो. सिंधूबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि गाडीत तिला मळमळत होतं, तरी वाटभर ती पोरीची वेणी सारखी करत होती. साहेब माणूस वाईट नव्हता. कागद सगळे वाचले, माझा कबुलीजबाब दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाला, "हे खोटं नाव काढायला हरकत नाही. पण बाई, खरं काय ते लिहिलं म्हणजे काम कायमचं मिटेल. बापाचं नाव तुम्हाला माहीत नाही का?"

खोलीत दोन कारकून होते. दोघांचेही हात थांबले. हाच प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी भावकीनं विचारला होता, आणि त्यानंतर साऱ्या गावानं नजरेनं विचारला होता. मला वाटलं, आता बाई साहेबांनाही सुनावणार.

"माहीत हाय," सिंधूबाई म्हणाली.

मोहिनीची मान गर्रकन वळली. तिनं आजवर आईच्या तोंडून एवढंसुद्धा ऐकलं नव्हतं.

"माहीत हाय, साहेब. न माहीत असायला काय झालं? पन ते सांगायचं का न्हाई हे आता मी न्हाई ठरवनार. ज्याची त्याची चीज हाय." आणि ती खुर्चीतच पोरीकडं वळली. भर ऑफिसात, चार माणसांदेखत, तिचा हात हातात घेऊन तिनं विचारलं, "सांगू? भिऊ नगं. पायजे तर हितंच सांगते. तू म्हनशील तसं."

पंधरा वर्षं जी गोष्ट तिनं भावकीला दिली नाही, गावाला दिली नाही, ती तिनं अशी उघड्या तळहातावर पोरीपुढं धरली. त्या नावाचा माणूस कोण असेल, कुठल्या गावचा, त्याचं घर, त्याची लेकरं, हे सगळं माझ्या डोक्यात गर्दी करून गेलं.

मोहिनीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. मग टेबलावरच्या फॉर्मकडं पाहिलं.

"आता नको, आई," ती म्हणाली. "आधी परीक्षा होऊ दे, मंग सांग." आणि साहेबांकडं वळून, वर्गात उत्तर देते तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "साहेब, बापाच्या रकान्यात रेघ मारा. माझं नाव मोहिनी सिंधूबाई गडदे."

साहेबांनी कारकुनाकडून पट्टी मागवून घेतली आणि रेघ सरळ मारली.